स्लाइड बघून ऊती ओळखायची कशी: क्रम, खुणा आणि हमखास होणाऱ्या चुका

अकरावीचं प्रॅक्टिकल असो, नर्सिंगचं असो, डीएमएलटीचं (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) असो की एमबीबीएस-बीएएमएसचं पहिलं वर्ष, स्पॉटिंगला (समोर ठेवलेली स्लाइड ओळखून लिहायची परीक्षा) सगळी पोरं एकाच जागी अडकतात. थिअरी तोंडपाठ असते, ऊतींचे म्हणजे पेशींच्या समूहांचे चार प्रकार (अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता), त्यांचे उपप्रकार, प्रत्येकाचं कार्य घडाघडा म्हणून दाखवतील, पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की समोर नुसता गुलाबी-जांभळा पसारा आणि मग सुरू होते अंदाजपंचे. "ती जास्त गुलाबी होती ना, ती स्नायू", "कोपऱ्यात भेग असलेली ती कास्थी (कूर्चा)". कॉलेजच्या पेटीतल्या त्याच स्लाइड परीक्षेला आल्या तर हे खपून जातं, बाहेरच्या परीक्षकाने स्वतःच्या आणल्या की संपलं.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी नाव आठवायचं आणि मग त्या नावाच्या खुणा स्लाइडवर शोधायच्या, असं उलटं चालतं. खाली सुलटा क्रम दिलाय. तो पहिल्या काही वेळा कागदावर लिहून शेजारी ठेवा, नंतर लागत नाही.

टप्पा १: डोळा लावायच्या आधी काय माहीत हवं

बहुतेक तयार स्लाइड एच अँड ई रंगाच्या असतात. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळा-जांभळा करतं, इओसिन बाकी प्रथिनांना गुलाबी. म्हणजे पेशीद्रव्य गुलाबी, स्नायू गुलाबी, कोलॅजन (संयोजी ऊतीतले तंतू) गुलाबी, लाल रक्तपेशी गुलाबी. त्यामुळे "गुलाबी आहे म्हणून स्नायू" हे वाक्य कायमचं सोडून द्या. रंगावरून फक्त केंद्रकं कुठे आहेत, किती आहेत आणि कशा आकाराची आहेत एवढं कळतं, आणि खरं सांगायचं तर निम्मी ओळख त्या केंद्रकांवरूनच होते.

दुसरी गोष्ट, स्लाइडवर जिथे पांढरं-रिकामं दिसतं तिथे शरीरात रिकामं होतंच असं नाही. ऊती फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मग अल्कोहोलने पाणी काढतात, मग झायलीन, मग पॅराफिन मेण. या वाटेत चरबी विरघळून निघून जाते. म्हणून चरबीची पेशी पोकळ दिसते, चेतातंतूभोवतीचं मायलिन (चरबीयुक्त वेष्टन) पण गेलेलं असतं आणि आतड्यातल्या गॉब्लेट पेशी (म्यूकस म्हणजे चिकट स्राव बनवणाऱ्या) फिकट दिसतात कारण त्यातला म्यूकस या रंगात नीट रंगत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे काप. हा काप साधारण ४ ते ५ मायक्रोमीटर (मिलीमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, म्हणजे बऱ्याच पेशींपेक्षा पातळ. उकडलेलं अंडं टोकाजवळ कापलं तर बलक दिसत नाही, मधून कापलं तर दिसतो, अगदी तसंच पेशीचं आणि केंद्रकाचं आहे. "या पेशीत केंद्रक नाही" असं एका पेशीवरून कधीच ठरवू नका, आजूबाजूच्या दहा-बारा बघा.

आणि एक फुकटची फूटपट्टी. लाल रक्तपेशीचा व्यास साधारण ७ ते ७.५ मायक्रोमीटर असतो. कुठल्याही स्लाइडवर एखादी रक्तवाहिनी सापडतेच, तिच्यातल्या आरबीसीशी (म्हणजे लाल रक्तपेशीशी) तुलना करून बाकी सगळं मोजा. (प्रक्रियेत पेशी थोड्या आक्रसतात, पण तुलनेला चालतं.)

टप्पा २: फोकसचा क्रम

१. स्लाइड आधी नुसती उजेडाकडे धरून बघा. एकसंध तुकडा आहे की गोल नळी आहे की मध्ये वेगळ्या रंगाचा भाग आहे, हे डोळ्यांनीच कळतं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची स्लाइड तर बरेचदा इथेच ओळखता येते.

२. कव्हरस्लिप (ऊतीवरची पातळ काच) वर आहे का ते तपासा. नखाने हळूच कडा लागते. स्लाइड उलटी लावली तर ४ आणि १० एक्सवर व्यवस्थित दिसतं आणि ४० वर काही केल्या फोकस होत नाही, मग पोरं कोर्स नॉब (ढोबळ फोकसचा) फिरवत बसतात आणि कडकन आवाज येतो.

३. ४ एक्सवर फोकस करा, मग १०, मग ४०. आयपीस १० एक्सचा असतो म्हणून एकूण मोठेपणा ४०, १००, ४०० पट होतो.

४. ४० वर गेल्यावर फक्त फाइन नॉब. कोर्स नॉबला हातच लावायचा नाही, कारण तिथे लेन्स आणि काच यांच्यात मिलीमीटरभरसुद्धा अंतर नसतं.

५. आयरिस डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) वापरायला शिका! सगळेजण तो पूर्ण उघडा ठेवून प्रखर उजेडात बघतात आणि मग पट्टे दिसत नाहीत, रोम (पेशींवरचे बारीक केस) दिसत नाहीत म्हणून ओरडतात. डायफ्रॅम थोडा बंद केला की कडा उठून येतात.

सावधान: १०० एक्सला तेल लागतं आणि ते तेल ४० च्या लेन्सला लागलं की पुढे येणाऱ्या प्रत्येकाला धुकं दिसतं. तेल वापरलं की परत ४० वर यायचं नाही, आणि लेन्स पुसायला लेन्स पेपरच घ्यायचा, ॲप्रनचं टोक नाही.

टप्पा ३: ४ एक्सवर पूर्ण फेरी, आणि रिकाम्या जागेचा शोध

हा टप्पा नव्वद टक्के लोक गाळतात असं माझं मत आहे आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. थेट ४० वर गेलात तर दिसतो अर्धा मिलीमीटरही नाही एवढा तुकडा. तेवढ्यावर नाव ठरवणं अशक्य नसतं, पण मूर्खपणाचं असतं.

४ वर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत स्लाइड फिरवा आणि एकच शोधा: मोकळी कड किंवा पोकळी कुठे आहे? मोकळी कड म्हणजे जिथे ऊती संपते आणि पुढे काहीच नाही. तिथे अभिस्तर असण्याची दाट शक्यता. पोकळी दिसली तर तिची कड बघा. कुठेच नसेल, सगळा भाग सलग असेल, तर बाकीच्या तिघांपैकी कोणीतरी.

तपासा: ती पोकळी खरी आहे की कापताना फाटलेली जागा? फाटलेल्या जागेच्या दोन्ही कडा एकमेकींत बसतील अशा असतात आणि कडेवर पेशींची सलग ओळ नसते. खऱ्या पोकळीला अस्तर असतंच.

टप्पा ४: चारपैकी कोणती? नाव आत्ता नको, फक्त घराणं

आता १० वर या आणि हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला, पेशी एकमेकींना चिकटून, मध्ये जागा न ठेवता, एका मोकळ्या कडेला ओळीने बसल्यात का? हो असेल तर अभिस्तर ऊती. खात्री करायला त्या थरात रक्तवाहिनी शोधा, जवळपास सापडणारच नाही, कारण अभिस्तराला पोषण खालच्या संयोजी ऊतीकडून झिरपून मिळतं.

दुसरा, पेशी कमी आणि मधला माल जास्त आहे का? मग संयोजी ऊती. तो मधला माल म्हणजे मॅट्रिक्स, पुस्तकात त्याला आधारक म्हणतात. तो मऊ असेल, तंतूंचा असेल, कडक असेल किंवा रक्तासारखा द्रव असेल, पण पेशी त्यात विखुरलेल्या असतात.

तिसरा, लांबट गुलाबी पेशी एका दिशेने, दाटीवाटीने, आणि पेशीच गुलाबी आहे, मधला माल नाही? मग स्नायू ऊती.

चौथा, थोड्याच पण मोठाल्या पेशी, मोठं फिकट केंद्रक, त्यात ठळक केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका), आणि आजूबाजूला धाग्यांची गर्दी व लहान लहान केंद्रकं? चेता ऊती.

एक अडचण येतेच. अवयवाची स्लाइड असेल तर चारही घराणी एकाच स्लाइडवर असतात. आतड्याच्या कापात आतून अभिस्तर, त्याखाली संयोजी, मग स्नायूंचे थर, आणि त्या थरांच्या मधे चेतापेशींचे छोटे पुंजके. अशा वेळी आयपीसमधला पॉइंटर जिथे आहे त्याचंच उत्तर द्यायचं. पॉइंटर स्नायूवर आणि उत्तरात स्तंभीय अभिस्तर, असं लिहून मार्क गेलेली पोरं दर वर्षी भांडायला येतात.

टप्पा ५: अभिस्तर, आधी थर मोजा मग आकार

कार्य एका ओळीत: झाकणं, शोषणं, स्रवणं आणि देवाणघेवाण. यातलं कोणतं काम हे रचनेवरून ठरतं. पातळ एकच थर असेल तर आरपार काहीतरी जायचं असतं, जाड अनेक थर असतील तर घर्षण सोसायचं असतं. एवढं पक्कं असलं की कार्य वेगळं पाठ करावं लागत नाही.

थर मोजायचे ते बेसमेंट मेम्ब्रेनपासून (अभिस्तर ज्यावर बसतं तो पातळ पडदा) मोकळ्या कडेपर्यंत. एक थर म्हणजे साधी, जास्त थर म्हणजे स्तरित. आता आकार. एच अँड ईमध्ये पेशीच्या भिंती बरेचदा दिसतच नाहीत, म्हणून केंद्रकाचा आकार बघा: चपटं केंद्रक असेल तर पेशी पट्टकी, गोल आणि मधोमध असेल तर घनाभरूप, उभं लांबट आणि तळाकडे असेल तर स्तंभीय. ही युक्ती फार कमी वेळा फसवते.

साधी पट्टकी फुप्फुसाच्या वायुकोशात आणि केशिकांत (सर्वात बारीक रक्तवाहिन्या) असते. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो, म्हणून वायू सहज आरपार जातो. घनाभरूप मूत्रपिंडाच्या नलिकांत आणि थायरॉईडच्या गोल कप्प्यांत: शोषण आणि स्रवण. साधी स्तंभीय जठरापासून आतड्यापर्यंत. लहान आतड्यात तिच्या वरच्या कडेवर एक धूसर रेघ दिसते ती मायक्रोव्हिलाय, म्हणजे शोषणासाठी पृष्ठभाग वाढवणारे पेशीवरचे अतिबारीक उंचवटे.

इथे पहिला मोठा घोळ. मायक्रोव्हिलाय आणि रोम म्हणजे सिलिया यात लोक गल्लत करतात. मायक्रोव्हिलाय साधारण एक मायक्रोमीटर उंच, सुटे दिसतच नाहीत, नुसती रेघ. सिलिया ५ ते १० मायक्रोमीटर लांब, ४० वर सुटे केस ओळखू येतात. आरबीसीच्या व्यासाएवढी उंची दिसली की सिलिया समजा.

दुसरा घोळ श्वासनलिकेचा. तिथे केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर दिसतात म्हणून सगळे स्तरित लिहितात. पण प्रत्येक पेशीचं बूड बेसमेंट मेम्ब्रेनला टेकलेलं असतं, फक्त सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत. याला आभासी स्तरित म्हणायचं. सिलिया आणि मध्ये मध्ये फिकट गॉब्लेट पेशी दिसल्या की शंका उरत नाही. म्यूकस धूळ पकडतो, सिलिया ती घशाकडे ढकलतात.

तिसरा घोळ तिरक्या कापाचा. साधी स्तंभीय तिरकी कापली गेली तर चार-पाच थरांची दिसते. उपाय सोपा आहे, त्याच कडेने पुढे पुढे सरकत जा. कुठेही स्वच्छ उभ्या कापात एकच थर दिसला तर ती साधीच, बाकी सगळा कापाचा खेळ.

स्तरित पट्टकीत नाव वरच्या थरावरून द्यायचं, खालच्यावरून नाही. खालच्या पेशी घनाभरूप किंवा स्तंभीय असतात आणि वर जाता जाता चपट्या होतात. सर्वात वर केंद्रक नसलेला गुलाबी थर असेल तर केराटिन (कडक प्रथिन), म्हणजे त्वचा. वरपर्यंत केंद्रकं दिसत असतील तर केराटिन नाही: तोंडाचं अस्तर, अन्ननलिका. आणि मूत्राशयाची ट्रान्झिशनल (ताणली जाणारी) अभिस्तर यापासून वेगळी काढायची तर फक्त सर्वात वरची ओळ बघा. तिथे फुगीर, घुमटाच्या आकाराच्या मोठ्या पेशी असतात, काहींत दोन केंद्रकं. मूत्राशय भरला की हाच थर ताणून पातळ होतो.

*गालाच्या पेशींची स्लाइड बनवताना*

ही स्लाइड शाळेपासून करतात आणि तरी बिघडवतात. क्रम असा: पाण्याने चूळ भरा (नाहीतर पोह्यांचे कण दिसतात), आइस्क्रीमच्या स्वच्छ चमच्याने गालाच्या आतून अलगद खरवडा, स्वच्छ स्लाइडवरच्या पाण्याच्या किंवा सलाइनच्या थेंबात पसरवा, मिथिलीन ब्लूचा एक छोटा थेंब, मिनिटभर थांबा, मग कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळू खाली सोडा. जास्तीचा रंग कडेने टिपकागदाने शोषून घ्या.

तपासा: काळ्या जाड कडेचे अगदी गोल गोळे म्हणजे हवेचे बुडबुडे. पेशी अनियमित, चपटी, कधी घडी पडलेली असते आणि मधे एक गडद निळं केंद्रक. बुडबुड्याची आकृती काढून त्याला "पेशी" नाव दिलेली जर्नलं ढिगाने बघायला मिळतात.

आणि यात एक गोम आहे. खरवडून आलेल्या पेशी सुट्या असतात त्यामुळे थर किती हे या स्लाइडवर दिसूच शकत नाही. शालेय पुस्तकांत मोघम "पट्टकी" लिहून सोडतात आणि पोरं त्याला साधी पट्टकी समजतात, प्रत्यक्षात गालाचं अस्तर स्तरित पट्टकी आहे, आपण फक्त वरचा थर खरवडलाय.

टप्पा ६: संयोजी ऊती, मॅट्रिक्स कसलं आहे ते विचारा

हे घराणं सगळ्यात पसरलेलं आहे, आणि एकच प्रश्न लावला तर सोपं होतं: पेशींच्या मधे काय आहे?

मधे तंतू असतील तर ते विरळ आहेत की दाट? विरळ म्हणजे सैल संयोजी ऊती, त्वचेखाली आणि अवयवांच्या मधे भरलेली, आधार देणारी. दाट असतील तर सगळे एका दिशेने आहेत का? एका दिशेने असतील तर स्नायुरज्जू किंवा अस्थिबंध, आडवेतिडवे असतील तर त्वचेचा आतला थर. स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो आणि अस्थिबंध हाडाला हाडाशी, हे उलटं लिहिणारे कमी नाहीत. स्लाइडवर या दोघांत फरक करणं कठीणच असतं, परीक्षेत साधारणपणे स्नायुरज्जू ठेवतात.

मधे काहीच नाही, नुसते मोठे पोकळ कप्पे आणि केंद्रक कडेला दाबलेलं? चरबी. ऊर्जा साठवणं, उष्णता राखणं, धक्के झेलणं. इथे फुप्फुसाशी गफलत होते, कारण ४ एक्सवर दोन्ही रिकाम्या कप्प्यांसारखीच दिसतात. फुप्फुसात मधेमधे छोट्या श्वासनलिका सापडतात, कप्पे एकमेकांत उघडतात आणि भिंतीत आरबीसीच्या रांगा असतात. चरबीत प्रत्येक कप्पा बंद.

मधे गुळगुळीत, निळसर, काचेसारखं एकसंध मॅट्रिक्स आणि त्यात खळग्यांमध्ये दोन-दोन चार-चार पेशींचे गट? हायलाइन कास्थी. श्वासनलिकेच्या कड्या, बरगड्यांची पुढची टोकं, सांध्यातल्या हाडांची टोकं. बाहेरच्या कानात आणि एपिग्लॉटिसमध्ये (स्वरयंत्रावरची झडप) लवचीक कास्थी असते, तिच्यातले तंतू एच अँड ईवर नीट दिसत नाहीत, त्यासाठी खास रंग लागतो, त्यामुळे साध्या स्लाइडवर छातीठोक उत्तर देऊ नका. मणक्यांमधल्या चकतीत तंतुमय कास्थी: गुलाबी तंतू आणि त्यांच्या मधे खळग्यांच्या ओळी. या तिसऱ्या प्रकाराला बाहेरचं वेष्टन म्हणजे पेरिकॉन्ड्रियम नसतं. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गुडघ्याची कास्थी झिजली की भरून यायला एवढा त्रास.

हाड. इथे विचारा की स्लाइड घासून बनवलेली आहे की आम्लाने कॅल्शियम काढून. घासलेल्या स्लाइडवर पेशी नसतातच, खळगे आणि त्यांचे बारीक फाटे हवेमुळे काळे दिसतात आणि हॅवर्सियन नलिकेभोवतीची (हाडातली रक्तवाहिनीची वाट) वर्तुळं फार सुंदर दिसतात. कॅल्शियम काढलेल्या स्लाइडवर हाड गुलाबी दिसतं आणि खळग्यांत केंद्रकं सापडतात. "हाड म्हणजे काळे ठिपके" असं पाठ केलेला माणूस दुसऱ्या स्लाइडवर हमखास अडकतो.

*रक्ताची फिल्म*

रक्त हीसुद्धा संयोजी ऊती, मॅट्रिक्स म्हणजे प्लाझ्मा. फिल्म म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, तो एच अँड ईने नाही, लीशमन नावाच्या रंगाने रंगवतात. छोटा थेंब, दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशात टेकवून एका दमात पुढे ढकला, हवेत पूर्ण सुकवा, लीशमन ओतून साधारण दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर पाणी घालून आठ-दहा मिनिटं, मग धुवा.

बिघडतं ते तीन कारणांनी. थेंब मोठा घेतला तर फिल्म जाड. ओली असतानाच रंग ओतला तर आरबीसी खराब. आणि रंग स्लाइडवर सुकू दिला तर सगळीकडे जांभळे खडे. बघायचं ते शेपटीच्या जरा अलीकडे, जिथे आरबीसी सुट्या सुट्या पडल्यात. जाड डोक्याच्या भागात काही कळत नाही, अगदी टोकाला आकार विचित्र होतात.

सावधान: लॅन्सेट (बोट टोचायची सुई) प्रत्येकाला नवी, वापरली की लगेच शार्प्सच्या (टोकदार कचऱ्याच्या) डब्यात. "स्पिरिटने पुसून घे" हे कोणी म्हणालं तरी ऐकायचं नाही.

टप्पा ७: स्नायू, पट्ट्यांआधी केंद्रक

सगळे आधी पट्टे शोधतात. पट्टे दिसणं हे उजेडावर, कापाच्या दिशेवर आणि स्लाइडच्या वयावर अवलंबून असतं, केंद्रकाची जागा मात्र बदलत नाही. म्हणून आधी ते.

केंद्रकं पुष्कळ आणि पेशीच्या कडेला: पट्टकी स्नायू (इथे पट्टकी म्हणजे पट्टेदार, अभिस्तरातल्यासारखी चपटी नव्हे), हाडाला जोडलेला, आपल्या इच्छेने चालणारा. केंद्रक एक, मधोमध, पेशी दोन्ही टोकांना निमुळती: अपट्टकी, आतडं, मूत्राशय, रक्तवाहिन्यांच्या भिंती, इच्छेबाहेरचा आणि संथ. केंद्रक एक किंवा दोन, मधे, आणि पेशीला फाटे फुटून शेजारणीशी जोडलेले: हृद्स्नायू. हृद्स्नायूत आडव्या गडद रेघा मिळतात त्या इंटरकॅलेटेड डिस्क, पेशी तिथे घट्ट जोडलेल्या असतात आणि विद्युत संदेश एकीकडून दुसरीकडे तिथूनच जातो, म्हणून हृदय एकसाथ आकुंचन पावतं. हृद्स्नायूलाही पट्टे असतात बरं का, पट्टे दिसले म्हणून लगेच पट्टकी लिहू नका.

आता आडवा काप. यात पट्टेही नाहीत आणि फाटेही नाहीत. पट्टकीचे तुकडे साधारण सारख्या मापाचे, कोनदार, केंद्रकं परिघावर. हृद्स्नायूचे तुकडे ओबडधोबड, केंद्रक मधे, भोवती भरपूर केशिका. अपट्टकीचे तुकडे छोटे-मोठे मिसळलेले आणि त्यातल्या थोड्यांतच केंद्रक, कारण निमुळती पेशी कुठे टोकाशी कापली जाते कुठे मधे.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते या त्रिकुटात: उभा कापलेला अपट्टकी स्नायू, स्नायुरज्जू आणि चेतातंतूंचा जुडगा. तिन्ही गुलाबी, लांबट, समांतर. असं सोडवा: स्नायुरज्जूत केंद्रकं कमी, अगदी बारीक, दाबलेल्या काळ्या रेघांसारखी, तंतूंच्या मधे. अपट्टकीत केंद्रकं जास्त, जाडसर लांबट, पेशीच्या आत, आणि आकुंचन पावलेली असतील तर पीळ पडल्यासारखी. चेता जुडग्यात सगळा मार्गच नागमोडी, मायलिन विरघळल्यामुळे फेसाळ, आणि जुडग्याभोवती स्वतःचं वेष्टन. मॅसन ट्रायक्रोमची (रंगवायची वेगळी पद्धत) स्लाइड मिळाली तर प्रश्नच नाही, कोलॅजन निळं किंवा हिरवं आणि स्नायू लाल.

टप्पा ८: चेता ऊती

इथे लोक उगाच घाबरतात, ओळखायला ही सोपी आहे. मज्जारज्जूच्या आडव्या कापात आत इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा करडा भाग, बाहेर पांढरा, आणि मधे बारीक नलिका. मेंदूत उलटं, करडा बाहेर आणि पांढरा आत. अनुमस्तिष्कात बाहेरच्या भागात तीन थर आणि मधल्या ओळीत मोठ्या पर्किंजे पेशी, एकदा बघितल्या की विसरत नाहीत.

चेतापेशीची खूण म्हणजे मोठं फिकट केंद्रक, ठळक केंद्रकी आणि पेशीद्रव्यात जांभळट निसल कण. संदेश घेणं, पुढे पाठवणं हे काम हिचं. आजूबाजूची लहान केंद्रकं ग्लिया पेशींची, त्या आधार देतात, पोषण बघतात आणि काही मायलिन बनवतात (मेंदू-मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट, बाहेरच्या चेतांमध्ये श्वान पेशी). त्यांना चेतापेशी म्हणून मोजू नका.

टप्पा ९: उत्तर लिहिणं

नाव, स्लाइडवर दिसलेल्या किमान दोन-तीन खुणा, शरीरातलं ठिकाण, कार्य, या क्रमाने. खुणा पुस्तकातल्या नाही, समोर दिसल्या त्याच. आडव्या कापाच्या स्लाइडवर "पेशी लांब व निमुळत्या आहेत" असं लिहिलं की परीक्षकाला लगेच कळतं तुम्ही बघितलंच नाही.

उदाहरणार्थ: "साधी स्तंभीय अभिस्तर ऊती. पेशींचा एकच थर, केंद्रकं लांबट व तळाशी एका ओळीत, वरच्या कडेवर मायक्रोव्हिलायची रेघ, मधे गॉब्लेट पेशी. ठिकाण लहान आतडं. कार्य शोषण व म्यूकस स्रवणं." बस्स, एवढंच. पानभर निबंधाला जास्त मार्क नसतात.

आकृती आधी पेन्सिलने, मग रंग: केंद्रक जांभळं, बाकी गुलाबी. नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदता, सगळ्या उजवीकडे. जर्नलमधली आकृती स्लाइड समोर ठेवूनच काढा, शेजारच्याच्या जर्नलवरून काढली तर त्याचा बुडबुडासुद्धा तुमच्याकडे येतो.

आणि नाव सुचलंच नाही तर कागद कोरा सोडू नका. टप्पा ४ पर्यंत जे कळलं ते लिहा, "संयोजी ऊती, कारण पेशी विखुरलेल्या व मॅट्रिक्स जास्त". बहुतेक परीक्षक घराणं बरोबर असेल आणि कारण दिलं असेल तर थोडे तरी मार्क देतात, आणि तोंडीला पुढचा प्रश्न तिथूनच विचारतात.